गोव्याच्या कागदावरची सही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धुळ्याला आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत आमच्या अब्बांचे शिवणकामाचे दुकान होते. दुकान म्हणजे काय, दोन मशीन, एक कपाट आणि कोळशाची इस्त्री. शाळेतून आलो की मी काज-बटणाला बसायचो. पुढे बी.ए. करताना भाषेच्या तासाला कळले की त्या दुकानातले बरेचसे शब्द पोर्तुगीजांचे आहेत. इस्त्री त्यांची, काज त्यांचे, फीत त्यांची. कपाटाची बिजागरी, दुकानाची चावी आणि कारागिराचा पगार, तोही त्यांचाच. इकडे बाजार समितीत भल्या सकाळी जो लिलाव पुकारला जातो, तो शब्दसुद्धा तिकडूनच आलेला. मी मोठ्या कौतुकाने हे अब्बांना सांगितले. त्यांनी मशीन थांबवले आणि विचारले, "आणि तुरुंग?" त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ १९५५ साली गोव्याच्या सत्याग्रहाला गेले होते आणि डोक्यावर खोक घेऊन परतले होते. तुरुंग हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आल्याचे जाणकार मानतात. तसे मी सांगितले, तेव्हा अब्बा हसले नाहीत.

तसा आपल्या खानदेशावर पोर्तुगीजांचा अंमल कधीच नव्हता. एकदाच त्यांची सावली इकडे पडली. १५३७ साली दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांच्या हातून गुजरातचा सुलतान बहादूरशाह मारला गेला आणि गादी चालून आली त्याच्या भाच्याकडे, खानदेशच्या मीरान मुहम्मदशाह फारुकीकडे. थाळनेरला ज्या घराण्याच्या कबरी आहेत, त्याच घराण्यातला हा. बिचारा गादीवर बसायला निघाला आणि थोड्याच दिवसांत वारला. असो. आज बोलायचे आहे ते एका वेगळ्या पोर्तुगीज माणसाबद्दल. त्याचे नाव मारिओ सोआरिस. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत ज्या करारावर पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचे मान्य केले, त्या करारावर त्याची सही आहे. आणि भारतातर्फे शेजारी सही आहे आपल्या यशवंतराव चव्हाणांची.

कोणी म्हणेल, गोवा तर १९६१ सालीच मुक्त झाला, मग १९७४ कुठून आले? खेड्यापाड्यातल्या माणसाला हे लवकर समजेल. जमिनीचा ताबा आपल्याकडे आला, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचेच राहिले, तर जे होते तेच गोव्याचे झाले होते. ताबा १९ डिसेंबर १९६१ला मिळाला. फेरफार व्हायला तेरा वर्षे लागली. का लागली, याचे उत्तर पणजीत किंवा दिल्लीत सापडत नाही. त्यासाठी अटलांटिक महासागराच्या मध्यावर जावे लागते.

लिस्बनपासून पश्चिमेला साधारण दीड हजार किलोमीटरवर अझोर्स नावाची बेटे आहेत. ती पोर्तुगालची. त्यातल्या तेरसेरा बेटावर लाजेस नावाचा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली पोर्तुगालने तो ब्रिटिशांना वापरायला दिला, मागोमाग अमेरिकन आले आणि तिथेच राहिले. अमेरिकेतून युरोपात किंवा पश्चिम आशियात फौजा आणि सामान न्यायचे, तर वाटेत उतरून इंधन भरायला ही जागा सोन्यासारखी. याच जागेमुळे ४ एप्रिल १९४९ रोजी 'नाटो' करार झाला तेव्हा बारा संस्थापक देशांत पोर्तुगालला मानाने बसवले गेले. करार लोकशाही आणि स्वातंत्र्याच्या रक्षणाचा होता. पोर्तुगालमध्ये मात्र १९३२ पासून सालाझारची हुकूमशाही चालू होती. वृत्तपत्रांवर पहारा, विरोधी पक्षांना बंदी, गुप्त पोलिसांचा सुळसुळाट. पण विमानतळ मोक्याचा असला की मालकाचे दोष दिसत नाहीत.

सालाझार हिशेबी माणूस. मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९५१ साली त्याने घटनेत बदल करून वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे गोवा ही वसाहत राहिली नाही, तो पोर्तुगालचा एक जिल्हाच! मग पोर्तुगालचा भाग म्हणजे नाटोचा भाग, असा धाक भारताला घालता येईल, हा त्यामागचा डाव. खरे पाहता नाटो कराराच्या सहाव्या कलमात हद्द स्पष्ट लिहिली आहे. उत्तर अटलांटिकमधली बेटे धरायची तीसुद्धा कर्कवृत्ताच्या उत्तरेकडचीच. कर्कवृत्त उज्जैन-भोपाळच्या अंगाने जाते, म्हणजे आपल्या जळगाव-धुळ्याच्याही वर. गोवा तर आणखी कितीतरी खाली, आणि समुद्रही दुसराच. तरीही धाक चालत राहिला.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. महाराष्ट्राच्या गावोगावचे लोक त्यात होते. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक माणसे ठार झाली. त्यानंतर चार महिनेही झाले नव्हते, तोच २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालच्या पाउलो कुन्हांसोबत संयुक्त निवेदन काढले आणि त्यात पूर्वेकडच्या 'पोर्तुगीज प्रांतां'चा उल्लेख केला. नेमके त्याच सुमारास रशियाचे ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात फिरत होते आणि गोवा भारताचाच, असे जाहीर सभांत सांगत होते. गोव्याच्या प्रश्नाची अशी दोन महासत्तांत वाटणी झाली. आपले लोक मात्र आग्वादच्या किल्ल्यात सडत होते.

१९६१च्या मार्चमध्ये थोडी फट पडली होती. नव्याने आलेल्या केनेडी सरकारने अंगोलाच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगालच्या विरोधात मत दिले. सालाझार संतापला. लाजेसच्या तळाची मुदत १९६२ अखेर संपणार होती, तेवढे त्याने आठवून दिले. नाक दाबले की तोंड उघडते म्हणतात, इथे तोंड मिटले. डिसेंबरात भारतीय फौज गोव्यात गेली तेव्हा सुरक्षा समितीत अमेरिकेचे अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन भारतावर तुटून पडले. युद्ध थांबवा आणि माघारी जा, असा ठराव आला. त्याला सात मते पडली. सिलोन, लायबेरिया आणि त्या वेळचे संयुक्त अरब प्रजासत्ताक म्हणजे इजिप्त आपल्या बाजूने उभे राहिले, आणि रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून ठराव पडला.

गोव्यात सालाझारचा हुकूम होता की मरेपर्यंत लढा, शरण जायचे नाही. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी तो मानला नाही. हाताशी पुरेसे सैन्य नव्हते, विमाने नव्हती. त्यांनी शरणागतीवर सही केली आणि पणजी वाचवली. मायदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. सालाझारच्या दरबारी माणसे वाचवणे हा गुन्हा होता.

इथे एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. आपण 'पोर्तुगीज' म्हणतो तेव्हा डोळ्यापुढे जुलमी अधिकारी येतो. पण सालाझारचा सगळ्यात जुना कैदी होता पोर्तुगीज माणूसच. सांगलीहून गोव्यात जाऊन शिक्षक झालेले आणि सशस्त्र लढ्यात उतरलेले मोहन रानडे १९५५ साली पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा ठोठावून त्यांना पुढे लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. गोवा मुक्त झाला तरी रानडे आतच. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचे रान केले, तेव्हा कुठे १९६९च्या जानेवारीत ते सुटले. त्याच काशियासमध्ये सालाझारला नकोसे झालेले पोर्तुगीज विद्यार्थी, कामगार, लेखक कोंडलेले होते. एकाच जेलरच्या कमरेला दोघांच्या चाव्या.

मारिओ सोआरिस या दुसऱ्या जातीतले. जन्म ७ डिसेंबर १९२४, लिस्बनचा. वडील शिक्षक, सालाझारपूर्वीच्या प्रजासत्ताकात मंत्री राहिलेले. मुलाने हुकूमशाहीविरुद्ध उभे राहायचे घरातच शिकून घेतले. एकूण बारा वेळा अटक झाली. नटी असलेल्या मारिया बारोसो यांच्याशी त्यांचे लग्न १९४९ साली झाले, तेव्हाही नवरदेव कैदेतच होता. पुढे वकील होऊन त्यांनी राजकीय कैद्यांचे खटले चालवले. १९५८ च्या निवडणुकीत सालाझारला आव्हान देणारे जनरल डेलगाडो १९६५ साली गुप्त पोलिसांकडून मारले गेले, त्यांच्या कुटुंबाचे वकीलपत्र सोआरिस यांनी घेतले. १९६८ साली त्यांना खटला न चालवताच आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर हद्दपार केले. त्याच वर्षी सालाझार आजारी पडून पायउतार झाला, कायतानो आला, आणि सोआरिस यांना परत येऊ दिले. पण १९७०मध्ये पुन्हा देश सोडावा लागला. ते फ्रान्समध्ये शिकवत राहिले. एप्रिल १९७३मध्ये जर्मनीतल्या बाड म्युन्स्टराइफेल या छोट्या गावी, जर्मन समाजवाद्यांच्या आधाराने, मूठभर निर्वासितांनी पोर्तुगालचा समाजवादी पक्ष स्थापन केला. स्वतःच्या देशात सभा घ्यायची सोय नाही, म्हणून परक्या गावात.

आणि मग रेडिओ. श्रोतेहो, रेडिओवर बोलताना हे सांगायला मला विशेष आनंद होतो. २४ एप्रिल १९७४च्या रात्री लिस्बनच्या रेडिओवर एक प्रेमगीत लागले. मध्यरात्रीनंतर साधारण वीस मिनिटांनी दुसरे गाणे लागले, झेका अफोन्सो या कवी-गायकाचे 'ग्रांदोला'. आफ्रिकेतल्या न संपणाऱ्या युद्धांना कंटाळलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी ठरवलेली ती खूण होती. पहिले गाणे म्हणजे तयार राहा, दुसरे म्हणजे निघा. उजाडेपर्यंत रणगाडे राजधानीत होते. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची लाल फुले खोचली. जवळपास अर्धशतकाची हुकूमशाही एका दिवसात कोसळली. २८ एप्रिलला सोआरिस पॅरिसहून आगगाडीने परतले. स्टेशनवर माणसांचा समुद्र होता. पुढच्याच महिन्यात ते परराष्ट्रमंत्री झाले.

नव्या मंत्र्यापुढे डोंगर होता. गिनी, मोझांबिक, अंगोला, सगळीकडे युद्ध. तिजोरी रिकामी. जगभरात नाव खराब. या सगळ्यात गोव्याचा प्रश्न तुलनेने सोपा होता, कारण द्यायला हातात काहीच नव्हते. होता तो फक्त हट्ट. पण हट्ट सोडणे हीच राजकारणातली अवघड गोष्ट. सालाझारच्या हातातही १९६१ नंतर काही उरले नव्हते, तरी त्याने मरेपर्यंत तो सोडला नाही. सोआरिस यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अधिवेशनाच्या निमित्ताने न्यूयॉर्कला भारताचे परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंग यांच्याशी बोलणी केली. ऑक्टोबरमध्ये परराष्ट्र खाते यशवंतरावांकडे आले. गोव्यात फौज शिरली तेव्हा यशवंतराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पुढच्या वर्षी चीनच्या युद्धात हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, तो याच नावाने. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दोघांनी सह्या केल्या.

कराराची भाषा कोरडी आहे, पण पहिले कलम वाचताना मला आमच्या तलाठ्याची आठवण झाली. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली हे प्रदेश ज्या ज्या तारखेला भारतीय घटनेनुसार भारताचे भाग झाले, त्या त्या तारखेपासून भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालला मान्य आहे. म्हणजे फेरफार मागच्या तारखेपासून धरला. तेरा वर्षांचे भांडण नव्हतेच, असे कागदाने ठरवून टाकले. राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले. हे सोआरिस यांनी आपल्यावरच्या प्रेमापोटी केले, असे मी म्हणणार नाही. युरोपच्या दारात उभे राहायचे तर अंगावरची जुनी धूळ झटकणे त्यांना भाग होते. पण झटकली हे महत्त्वाचे.

अटलांटिकपारच्या मैत्रीची खरी परीक्षा त्यानंतर आली. पोर्तुगालमध्ये कम्युनिस्ट आणि डावे लष्करी अधिकारी जोर धरत होते. ऑक्टोबर १९७४मध्ये वॉशिंग्टनला किसिंजर यांनी सोआरिस यांना तोंडावर सांगितले की तुमचा केरेन्स्की होणार. केरेन्स्की म्हणजे रशियात लेनिनच्या आधी काही महिने सत्तेवर आलेला आणि वाहून गेलेला नेमस्त नेता. मला केरेन्स्की व्हायचे नाही, असे सोआरिस म्हणाले. त्यालाही व्हायचे नव्हतेच, असे किसिंजर उत्तरले, असा हा संवाद सांगितला जातो. पोर्तुगाल हातचा गेला तर जाऊ द्या, ते पाहून इतर देश तरी सावध होतील, असाही विचार किसिंजर यांच्या मनात होता. देवीची लस टोचावी तसा एक देश टोचून टाकायचा! पण लिस्बनमधले अमेरिकेचे नवे राजदूत फ्रँक कार्लुची यांनी उलट कळवले. या देशातल्या लोकांना निवडणूक हवी आहे, सोआरिस यांना बळ द्या. जर्मनीच्या आणि उत्तर युरोपच्या समाजवाद्यांनीही मदत केली.

२५ एप्रिल १९७५ला निवडणूक झाली. नव्वद टक्क्यांहून जास्त मतदान झाले. सोआरिस यांच्या पक्षाला सुमारे ३८ टक्के मते, कम्युनिस्टांना साडेबारा. मग उन्हाळाभर रस्त्यावरचा संघर्ष, नोव्हेंबरात डाव्या सैनिकांचा फसलेला उठाव, आणि १९७६ साली सोआरिस पंतप्रधान. केरेन्स्कीचे भाकीत खोटे ठरले. ज्या मैत्रीने सालाझारला बळ दिले होते, तीच मैत्री आता त्याच्या कैद्याने लोकशाहीच्या कामाला लावली. लाजेसचा तळ तोच, धावपट्टी तीच. अमेरिका बदलली का? मला तसे वाटत नाही. लिस्बनमध्ये कोण बसले आहे आणि तो काय मागतो, हे बदलले.

सोआरिस यांची सगळीच बाजू उजळ नाही. आफ्रिकेतून निघताना घाई झाली. अंगोला यादवीत बुडाला. लाखो पोर्तुगीज रहिवासी गाठोडी घेऊन मायदेशी आले आणि त्यांनी सोआरिस यांना आयुष्यभर माफ केले नाही. पूर्व तिमोरवर १९७५च्या डिसेंबरात इंडोनेशियाने चाल केली, तेव्हा पोर्तुगालला काही करता आले नाही. नंतर पंतप्रधान म्हणून त्यांनी नाणेनिधीचे कर्ज घेऊन लोकांच्या ताटातली भाकर कमी केली, तीही दोनदा. समाजवादी म्हणवणाऱ्याला ते बोचले असणारच.

पण दिशा सुटली नाही. १२ जून १९८५ रोजी त्यांनी युरोपीय समुदायात जाण्याच्या करारावर सही केली आणि १ जानेवारी १९८६पासून पोर्तुगाल सदस्य झाला. युरोपकडे तोंड केले म्हणून अमेरिकेकडे पाठ फिरवली नाही. त्याच १९८५ साली लिस्बनमध्ये पोर्तुगीज-अमेरिकन विकास प्रतिष्ठान उभे राहिले. त्याचा पैसा तळाच्या व्यवहारातून आलेला. विमानतळाच्या मोबदल्यातून शिष्यवृत्त्या आणि विज्ञानाचे प्रकल्प निघाले. अझोर्समधून मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांत आणि मासेमारीत गेलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही किनाऱ्यांना जोडत आली होती, त्या नात्याला आता कागदही मिळाला.

१९८६ची अध्यक्षपदाची निवडणूक तर गोष्टीसारखी आहे. पहिल्या फेरीत सोआरिस फार मागे होते. दुसऱ्या फेरीत कम्युनिस्टांच्या मतांशिवाय जिंकणे अशक्य. त्यांचे नेते आल्वारो कुन्याल हे सोआरिस यांचे हाडवैरी. त्यांनी कार्यकर्त्यांना सांगितले, मतपत्रिकेवरचा फोटो एका हाताने झाका आणि दुसऱ्या हाताने शिक्का मारा. सोआरिस थोडक्यात निवडून आले. पाच वर्षांनी सत्तर टक्के मतांनी.

अध्यक्ष म्हणून १९९२च्या प्रजासत्ताक दिनी ते दिल्लीत आपले प्रमुख पाहुणे होते, आणि त्या दौऱ्यात गोव्यालाही गेले. ज्या प्रांतासाठी सालाझारने सैनिकांना मरायला सांगितले होते, तिथे पोर्तुगालचा राष्ट्राध्यक्ष पाहुणा म्हणून आला.

मार्च २००३मध्ये लाजेस पुन्हा बातम्यांत आले. इराकवर हल्ला करण्याआधी बुश, ब्लेअर आणि स्पेनचे अस्नार तिथे जमले, यजमान पोर्तुगालचे पंतप्रधान बारोसो. ऐंशीच्या घरातल्या सोआरिस यांनी त्या युद्धाला उघड विरोध केला. अमेरिकेचा मित्र असणे आणि अमेरिकेच्या प्रत्येक युद्धाला मान डोलावणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. इराकच्या बातम्यांनी त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातही झोप उडाली होती, म्हणून मला हे विशेष लक्षात राहिले.

७ जानेवारी २०१७ रोजी सोआरिस लिस्बनमध्ये वारले. त्या दिवशी पोर्तुगालचे पंतप्रधान कुठे होते? भारतात. अँटोनियो कोस्टा, सोआरिस यांच्याच पक्षाचे. त्यांचे वडील ओर्लांडो द कोस्टा मडगावात वाढलेले कवी-कादंबरीकार, तरुणपणी लिस्बनला गेलेले आणि सालाझारच्या तुरुंगात जाऊन आलेले. मुलाचा जन्म १७ जुलै १९६१चा, म्हणजे गोवा मुक्त झाला तेव्हा पाच महिन्यांचा. पक्षाच्या संस्थापकाचे सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले, पण कोस्टा भारतदौरा अर्धा सोडून परतले नाहीत. त्याच दौऱ्यात त्यांना 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'चे कार्ड देण्यात आले. पुढे २०२४च्या डिसेंबरात ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष झाले आणि २०२६च्या प्रजासत्ताक दिनी, सोआरिस यांच्यानंतर चौतीस वर्षांनी, दिल्लीच्या संचलनात पाहुणे म्हणून बसले.

२०१७च्या त्या दौऱ्याच्या अखेरीस कोस्टा मडगावला वडिलांच्या जुन्या घरी गेले. घरात त्यांना बाबुश म्हणतात. कोकणीत बाबुश म्हणजे लहान मुलगा.